नक्षीचें मोल

गेल्या मार्गशीर्षांत, म्हणजे डिसेंबर २०२५ मध्यें, दत्तजयंतीच्या यात्रेस सारंगखेड्यास जाण्याचा योग आला. नंदुरबारकरांस सारंगखेडें काय आहे हें सांगावयास नकोच. परंतु पुण्यामुंबईकडील वाचकांसाठीं सांगतों, कीं शहादें तालुक्यांत तापीच्या कांठीं हें गांव वसलेलें असून तेथें एकमुखी दत्ताचें देवस्थान आहे, आणि यात्रेंत भरणाऱ्या घोडेबाजाराचें नांव दूरवर पसरलेलें आहे. मारवाडी, काठेवाडी, पांढरे शुभ्र नुकरे अशीं नाना जातींचीं जनावरें तेथें ओळीनें बांधलेलीं असतात. आम्हांस घोडें घ्यावयाचें नव्हतें. शहाद्याचे एक शेतकरी स्नेही घेणार होते, व आम्ही केवळ बघे म्हणून त्यांच्यासमवेत गेलों होतों. बरोबर आमचा पुतण्या होता. तो पुण्यास अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत आहे.

स्नेह्यांनीं दोन घोड्या पाहिल्या. वय सारखें, उंची सारखी, रंग कुमाईत, चालहि आमच्या अडाणी नजरेस सारखीच. परंतु एकीची किंमत दुसरीच्या जवळजवळ दुप्पट सांगितली गेली. कारण विचारतां व्यापाऱ्यानें घोडीची मान वर केली व गळ्याखालचा केसांचा भोवरा दाखविला. हा देवमण. तो असला कीं बाकीचे दोष झांकले जातात, असें जुने अश्वपरीक्षक मानीत आले आहेत. दुसरीचा फक्त एकच पाय पांढरा, म्हणजे ती अर्जल. चारी पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असता तर तीच पंचकल्याणी ठरून मिरवली असती! भोवऱ्यानें घोडी अधिक धांवत नाहीं, पांढऱ्या पायानें ती लंगडत नाहीं. पण व्यवहार ठरतो तो त्यावर.

पुतण्या हंसून म्हणाला, “काका, हें अगदीं आमच्या खेळांतल्या बंदुकीसारखें झालें.” एवढें बोलून तो एकदम गप्प झाला. त्या गप्प होण्याचें कारण आम्हांस ठाऊक होतें. तें सांगण्यापूर्वीं त्या बंदुकीची हकीकत सांगणें भाग आहे.

काउंटर-स्ट्राईक हा संगणकावरील लढाईचा खेळ अमेरिकेंतील वॅल्व्ह कंपनीचा. त्याची ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ ही आवृत्ति २०१२ सालीं निघाली, व सप्टेंबर २०२३ मध्यें ‘काउंटर-स्ट्राईक २’ तिच्या जागीं आली. ऑगस्ट २०१३ मध्यें कंपनीनें या खेळांत एक नवी सोय केली: हातांतल्या बंदुकीस वा सुरीस रंगीत साज चढवावयाचा. मुलें त्यास ‘स्किन’ म्हणतात. या साजानें नेम सुधारत नाहीं कीं गोळी दूर जात नाहीं. शोभेपलीकडे त्याचा उपयोग शून्य. तरी तो विकतां येतो, विकत घेतां येतो, आणि त्यासाठीं जगभर लाखों मुलें व पुष्कळ प्रौढ माणसें पैसा ओततात.

यांतील एका साजाचें नांव ‘केस हार्डन्ड’. हें नांव खऱ्या कारखान्यांतून आलें आहे. बंदुकीचे पोलादी भाग हाडांच्या व लांकडाच्या कोळशांत पुरून तापवावयाचे आणि एकदम पाण्यांत सोडावयाचे, अशी जुनी रीत होती. त्यामुळें वरचा थर कठीण होई, व त्यासरशीं त्यावर निळे, जांभळे, गवती पिवळे असे ढगाळ रंग उमटत. कोणत्याहि दोन बंदुकींवर ते एकसारखे येत नसत. आपल्याकडे दक्षिणी पोलादाच्या तलवारींवर जें लहरदार जौहर दिसे त्याची प्रक्रिया निराळी, पण आवड तीच. त्याच पोलादाचें पृथक्करण करून मायकेल फॅरेडे यानें १८१९ सालीं निबंध लिहिला होता.

आतां खेळांत कोळसा नाहीं नि पाणी नाहीं. मग प्रत्येक बंदुकीवर निराळी नक्षी यावी कशी? पुतण्यानें हें आम्हांस फार सोप्या रीतीनें समजाविलें. कंपनीपाशीं निळ्या, जांभळ्या व सोनेरी डागांचें एक मोठें चित्र आहे; तें कापडाचें थान समजा. शिंपी एकाच थानांतून कोठें बेततो त्यावर खणाच्या पोलक्याच्या पाठीवर बुट्टा येईल कीं कोरी जागा येईल हें ठरतें ना, तसेंच. प्रत्येक बंदूक जन्मास येतांना तिच्या वांट्यास एक अंक येतो, आणि त्या अंकानुसार थान सरकवून, फिरवून तिच्यावर चढविलें जातें. अंक कोणता यावा हें दैवाधीन. एकदां आला कीं तो कायमचा. बहुतेक अंकांत निळा व पिवळा यांची खिचडी होते. थोड्या अंकांत मात्र खेळतांना डोळ्यांसमोर राहणारा भाग जवळजवळ सगळा निळा उतरतो. अशास ‘ब्ल्यू जेम’ म्हणतात. एके-४७ बंदुकीचा ६६१ हा अंक यांत शिरोमणि मानला जातो. करंबित नांवाच्या वांकड्या सुरीवर मात्र तो मान ३८७ चा, कारण थान एकच असलें तरी अंगाचा आकार निराळा.

निळाच रंग थोर कां, पिवळा कां नाहीं, यास उत्तर नाहीं. कंपनीनें तसें कोठें लिहून ठेवलेलें नाहीं. निळ्याची ही प्रतिष्ठा संग्राहकांनींच आपसांत ठरविली, आणि मग भाव तिच्यामागून गेले. देवमणाचें तरी निराळें काय आहे? १८५४ च्या चार आण्यांच्या तिकिटांत राणीचें डोकें चुकून उलटें छापलें गेलें. छापखान्याच्या त्या गफलतीस आज केवढी किंमत येते!

याखेरीज झिजेचा एक अंक असतो, शून्य व एक यांच्यामधला. तो जितका लहान तितकी वस्तु कोरी. नवल असें, कीं खरे रंग उन्हानें व हाताळण्यानें विटतात, पण खेळांतली बंदूक कितीहि वापरली तरी जन्मतःची झीज तेवढीच राहते. ‘फेड’ या साजांत रंगांचा उतार किती भरला तें पाहतात, ‘क्रिम्झन वेब’मध्यें कोळ्याचें जाळें मध्यावर आलें कीं नाहीं तें पाहतात, त्यांच्या खोलांत आम्ही शिरत नाहीं. जून २०२४ मध्यें ६६१ अंकाची एक बंदूक दहा लाख डॉलरांहून अधिकास गेल्याचें वृत्त प्रसिद्ध झालें. तिच्यावर २०१४ च्या काटोविस स्पर्धेचे चार दुर्मिळ स्टिकरहि होते, म्हणून सगळें श्रेय नक्षीस देतां येत नाहीं.

आतां आमच्या घराकडे वळूं. २०२० सालच्या टाळेबंदींत पुतण्यानें मुंजीचे जपून ठेवलेले व भाऊबीजेचे मिळून साडेतीन हजार रुपये देऊन अशी एक एके-४७ घेतली. घरांत हें कोणास ठाऊक नव्हतें. जून २०२३ मध्यें बारावीच्या शिकवणीची फी भरतांना गोष्ट उघडकीस आली. वडील बंधूंनीं आम्हांस विचारलें, आणि आम्हीं रागाच्या भरांत निकाल दिला, कीं ही जुगाराची वस्तु घरांत नको, आजच्या आज विकून टाकावी.

आमचा राग अगदींच निराधार नव्हता. या खेळांत बंद पेट्या असतात, व त्या उघडण्यास किल्ली विकत घ्यावी लागते. चीनमध्यें २०१७ सालीं प्रमाण जाहीर करावें लागलें तेव्हां कळलें, कीं सुरीसारखी दुर्मिळ वस्तु निघण्याचा संभव शेंकडा ०.२६, म्हणजे सुमारें ३८५ पेट्यांत एकदां. बेल्जमनें २०१८ मध्यें असल्या पेट्यांस जुगारच ठरविलें. परंतु आमच्या पुतण्यानें पेटी उघडली नव्हती. त्यानें दुसऱ्या एका मुलापासून वस्तु रोख घेतली होती, तीहि पारखून. हा भेद ऐकून घेण्याची आमची तयारी नव्हती.

तो सांगूं पाहत होता, “काका, हिचा अंक चांगला आहे, थोडें थांबूं या, ओळखणारें गिऱ्हाईक मिळेल.” आम्हीं उत्तर दिलें, “अंक गणिताच्या पुस्तकांत पाहा.” त्यानें त्याच रात्रीं ती सामान्य भावानें, दहा हजारांस, विकली आणि पैसे वडिलांच्या हातीं ठेवले. तिपटीनें पैसे आले म्हणून घरांत उलट त्याचें कौतुक झालें! चार महिन्यांनीं तीच बंदूक चाळीस हजारांस गेल्याचें त्यास दिसलें. तें त्यानें आपल्या आईस सांगितलें, व वहिनींनीं आम्हांस; त्यानें स्वतः एक अक्षर काढलें नाहीं. बंधूंनीं त्या वर्षीं फीसाठीं सोसायटीचें कर्ज काढलें होतें, हें येथें लिहावयास लाज वाटते.

या बाजाराचा भरंवसा कांहीं नाहीं, हेंहि खरें. ऑक्टोबर २०२५ मध्यें कंपनीनें नियम बदलून लाल दर्जाच्या पांच वस्तूंच्या मोबदल्यांत सुरी वा हातमोजे मिळण्याची वाट उघडली, आणि एका रात्रींत सुऱ्यांचे भाव कोसळले. घोडीच्या गळ्याखालचा देवमण कोणी कंपनी अशी सर्वांस वांटूं शकत नाहीं. पुतण्यास आम्हीं हें बोलून दाखविलें, तेव्हां तो म्हणाला, “सुरीला पर्याय निघाला काका, पण अंकाला नाहीं. चांगले अंक होते तेवढेच राहिले.” त्याचें म्हणणें आम्हांस खोडतां आलें नाहीं.

स्नेह्यांनीं शेवटीं अर्जल घोडी घेतली. पाय पाहून नव्हे, खिसा पाहून. परततांना तापीकांठीं चहाच्या टपरीवर आम्हीं पुतण्यास विचारलें, “त्या दिवशीं तूं अंक सांगत होतास, तो कोणता होता रे?” त्यानें क्षणहि न थांबतां तीन आंकडे सांगितले, आणि मोबाईलमध्यें जपून ठेवलेलें चित्र पुढें धरलें. नळीच्या मागचा वरचा भाग गडद निळा. मध्येंच एक बोटभर सोनेरी डाग.

रात्रीं तेंच चित्र त्यानें आजीस दाखविलें. आईनें चष्मा पुसून तें बराच वेळ जवळ-दूर करून पाहिलें. “हें तर माझ्या धूपछांव शालूसारखें आहे,” ती म्हणाली, “विकलंत कशाला?”

वडील बंधू कांहीं बोलले नाहींत. आम्हीं कपाटांतून २०२३ ची जमाखर्चाची वही काढली. जूनच्या पानावर बंधूंच्या अक्षरांत ‘चि. चें खेळणें विकून आले १०,०००’ अशी नोंद होती. तिच्या शेजारीं आम्हीं तो अंक लिहून ठेवला.