चरबीच्या गाठी : साध्या कोणत्या, जपावयाच्या कोणत्या?

पाठीवर, मानेवर किंवा दंडावर त्वचेखाली हाताला लागणारी मऊ गाठ अनेकांच्या परिचयाची असते. ती सहसा दुखत नाही, बोटाने दाबली असता किंचित सरकते आणि वर्षानुवर्षे तशीच राहते. व्यवहारात तिला चरबीची गाठ म्हणतात. वैद्यकशास्त्रात तिचे नाव लायपोमा. प्रौढांच्या मृदू ऊतींत आढळणाऱ्या अर्बुदांपैकी हे सर्वांत नेहमीचे अर्बुद असून ते निरुपद्रवी असते. परंतु चरबीची प्रत्येक गाठ लायपोमा नसते. काही गाठी दिसावयास तशाच असल्या, तरी त्यांचा स्वभाव निराळा असतो. हा भेद ओळखणे हे विकृतिशास्त्राचे काम होय.

सूक्ष्मदर्शकाखाली

लायपोमाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर जवळजवळ एकसारख्या आकाराच्या परिपक्व चरबीपेशी दिसतात. त्यांची केंद्रके बारीक व कडेला सरकलेली असतात. मंद गतीने वाढणाऱ्या धोकादायक अर्बुदात मात्र पेशी लहानमोठ्या होतात आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या तंतुमय पट्ट्यांत मोठी, गडद, वेडीवाकडी केंद्रके विखुरलेली आढळतात. अशी केंद्रके मोजकीच असू शकतात. म्हणून मोठ्या गाठीच्या निरनिराळ्या भागांतील तुकडे तपासावे लागतात.

एकच रूप, दोन नावे

या अर्बुदास पूर्वी सरसकट 'सुविभेदित लायपोसार्कोमा' म्हणत. सार्कोमा हा कर्करोगाचाच एक प्रकार असल्याने हे नाव ऐकताच रुग्णाचा धीर सुटे. 1979 साली इव्हान्स, सूल आणि विंकेलमन या संशोधकांनी अशा 30 अर्बुदांचा फेरविचार केला आणि हातापायांतील गाठींसाठी 'असामान्य लायपोमा' या सौम्य संज्ञेचा पुरस्कार केला. कारण या गाठी पुन्हा उद्भवू शकत असल्या, तरी मूळ स्वरूपात असेपर्यंत त्या शरीरात अन्यत्र पसरत नाहीत आणि शस्त्रक्रियेने बहुधा पूर्णपणे काढता येतात.

पोटाच्या मागील बाजूस, मूत्रपिंडांच्या आसपास होणाऱ्या अर्बुदाची गोष्ट वेगळी. तेथे ते लक्षात येईपर्यंत बरेच मोठे झालेले असते व संपूर्ण काढणे कठीण जाते. ते वारंवार उद्भवते. कालांतराने त्याचा काही भाग उग्र रूप धारण करून अन्यत्र पसरू शकतो. हा धोका हातापायांत 2 टक्क्यांहून कमी, तर पोटाच्या मागील भागात 20 टक्क्यांहून अधिक मानला जातो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या वर्गीकरणात पहिल्यास मध्यम गटात, तर दुसऱ्यास मारक गटात स्थान आहे. पेशी त्याच, नाव ठरते ते रुग्णाच्या भवितव्यावरून.

जनुकांची साक्ष

नुसत्या डोळ्यांनी निर्णय होत नसेल, तर जनुकीय चाचणीचे साहाय्य मिळते. या अर्बुदांत 12 व्या गुणसूत्रावरील 'एमडीएम 2' या जनुकाच्या प्रती अनेक पटींनी वाढलेल्या असतात; साध्या लायपोमात तसे नसते. उलट प्रकारही घडतो. प्रौढ पुरुषांच्या मानेमागे होणारी तर्कुपेशी लायपोमाची गाठ सूक्ष्मदर्शकाखाली कधी कधी विचित्र दिसते, पण ती निरुपद्रवी असते. अचूक निदानामुळे अनावश्यक मोठी शस्त्रक्रिया टळते.

नागरिकांनी काय करावे?

त्वचेखालील लहान, मऊ, न वाढणाऱ्या गाठीमुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र गाठ 5 सेंटिमीटरहून मोठी असेल, स्नायूंत खोलवर असेल, वाढत असेल, दुखू लागली असेल किंवा काढल्यानंतर परत आली असेल, तर तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला विनाविलंब घ्यावा. पोटाचा घेर अकारण वाढत असल्यास तोही दाखवावा. काढलेली गाठ टाकून न देता प्रयोगशाळेत तपासणीस पाठविली जाईल याची खात्री करून घ्यावी आणि तिचा अहवाल जपून ठेवावा. पुढे कधी गाठ पुन्हा उद्भवली, तर तोच कागद डॉक्टरांना योग्य दिशा दाखवील.