तांतडीचा गर्भनिरोध : समज व गैरसमज

गेल्या पावसाळ्यांत आमच्या नात्यांतील एक मुलगी एके दिवशीं दुपारीं आमच्या घरीं आली. मुलगी म्हणावयाची ती केवळ नात्यानें. एरवीं ती पदवीधर, नोकरी करणारी आणि दहा महिन्यांच्या बाळाची आई. चहा झाला, पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या, तरी तिचा पाय निघेना. अखेरीस खालीं मान घालून ती म्हणाली, "काकू, परवां रात्रीं कंडोम फाटला. एवढ्यांत दुसरें मूल आम्हांला झेपणारें नाहीं. काल औषधांच्या दुकानांत गेलें, पण तेथें चार ओळखीचीं माणसें उभीं होतीं. खोकल्याचें औषध घेऊन परत आलें. आणि ती गोळी घेणें म्हणजे गर्भपातच ना?"

घरांत वृत्तपत्रें येतात, मासिकें येतात. आणि तरीहि जी गोष्ट घड्याळाकडे पाहून करावयाची, ती संकोचापायीं दोन दिवस मागें पडली. ही तिच्या एकटीचीच कथा नव्हे. आपल्या सुशिक्षित घरांतून स्वयंपाकघरांतलें सोवळें केव्हांच गेलें. या एका विषयाभोंवतालचें सोवळें मात्र अद्याप कडक आहे. म्हणून आम्हीं तिला जें सांगितलें, तेंच येथें जरा विस्तारानें सांगत आहों.

प्रथम शरीराचा व्यवहार पाहूं. स्त्रीच्या बीजाशयांतून साधारणतः दर महिन्यास एक बीज बाहेर पडतें. तें पुढील पाळीच्या सुमारें १४ दिवस आधीं. हें बीज फार तर एक दिवस टिकतें; परंतु पुरुषाचे शुक्रजंतु स्त्रीच्या शरीरांत पांच दिवसांपर्यंत जिवंत राहूं शकतात. म्हणजे समागम व गर्भधारणा या एकाच क्षणीं घडणाऱ्या गोष्टी नव्हेत. बीज बाहेर पडावयाचें असेल, तर मध्यें कांहीं अवकाश असतो. तांतडीच्या गोळीचें सारें कार्य या अवकाशांत चालतें.

या गोळींत लेव्होनॉर्जेस्ट्रेल नांवाचें द्रव्य १.५ मिलिग्रॅम असतें. मेंदूच्या तळाशीं असलेल्या ग्रंथीकडून बीजाशयाला बीज सोडण्याविषयीं जो संदेश जावयाचा, तो ही गोळी अडविते किंवा लांबविते. बीज बाहेर पडण्यास उशीर होतो, आणि तोंपर्यंत शुक्रजंतूंचें आयुष्य संपून जातें. यावरून दोन गोष्टी उघड होतात. एक ही कीं, संदेश सुटल्यावर गोळीचा फारसा उपयोग नाहीं; म्हणून ती जितकी लवकर घ्यावी तितकी बरी. ७२ तास ही नेहमींची मुदत. १२० तासांपर्यंत कांहीं उपयोग होऊं शकतो, पण तो घटत जातो. "तीन दिवस आहेत, उद्यां पाहूं" हा हिशेब खोटा आहे. दुसरी गोष्ट ही कीं, गर्भ राहिलेला असल्यास ही गोळी त्यास धक्का लावीत नाहीं. ती गर्भपाताची गोळी नव्हे. गर्भपातासाठीं मिफेप्रिस्टोन व मिसोप्रोस्टॉल हीं औषधें निराळीं असून तीं डॉक्टरांच्या देखरेखीखालींच घ्यावयाचीं असतात. हा घोटाळा दुकानांत करूं नये. गोळीचें नांव नीट वाचूनच ती घ्यावी.

या उपायाचा इतिहास फार जुना नाहीं. कॅनडांतील डॉक्टर आल्बर्ट युझ्पे यांनीं १९७४ सालीं दोन संप्रेरकांच्या मिश्र गोळ्यांची पद्धति प्रसिद्ध केली. तीमुळें मळमळ फार होई. १९९८ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रयोगांत एकट्या लेव्होनॉर्जेस्ट्रेलचा गुण अधिक व त्रास कमी असल्याचें दिसून आलें. आपल्या देशांत २००५ सालापासून ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून मिळूं लागली.

आतां कांहीं सावधगिरीच्या गोष्टी. गोळी घेतल्यावर मळमळ, डोकेदुखी किंवा मधेंच थोडा रक्तस्राव होणें शक्य आहे. त्यानें घाबरूं नये. दोन-तीन तासांच्या आंत उलटी झाल्यास पुन्हां गोळी घ्यावी लागते. क्षयावरील रिफॅम्पिसिन व अपस्मारावरील कांहीं औषधें तिचा गुण कमी करतात. तीं चालू असल्यास डॉक्टरांना आधीं विचारावें. अंगावर पाजणाऱ्या आईला ती घेतां येते. पाळी ठरल्या दिवसाहून आठवडाभर लांबली, तर गर्भाची तपासणी करून घ्यावी. आणि गोळी घेतली म्हणजे पुढील दिवसांचें संरक्षण झालें असें नाहीं. उलट बीज उशिरां बाहेर पडत असल्यामुळें पुढें अधिकच जपावें लागतें.

पुष्कळ जणी विचारतात, ही गोळी वारंवार घेतल्यास वंध्यत्व येतें काय? येत नाहीं. परंतु ती रोजच्या उपायाची जागाहि घेऊं शकत नाहीं. नेहमींच्या साधनांइतका तिचा भरंवसा नसतो, आणि पाळीचें वेळापत्रक बिघडतें. पांच दिवसांच्या आंत डॉक्टरांकडून तांबी बसवून घेणें हा तर गोळीहूनहि खात्रीचा उपाय होय. शंभरांत नव्याण्णवांहून अधिक वेळां तो यशस्वी होतो, आणि पुढें कित्येक वर्षें काळजी मिटते. गुप्तरोगांपासून मात्र गोळी किंवा तांबी यांपैकीं कोणीहि रक्षण करीत नाहीं. तें काम कंडोमचेंच.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं मुंबईंत १९२१ सालीं संततिनियमनाचें केंद्र काढलें, आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून या विषयावर मराठींत उघडपणें लिहिलें. त्यांची त्या वेळीं किती निर्भर्त्सना झाली, हें सर्वश्रुतच आहे. त्यांच्या केंद्रास शंभर वर्षें उलटून गेल्यावरहि आपली लेक दुकानाच्या पायरीवरून खोकल्याचें औषध घेऊन परत फिरते, याचा दोष आम्हीं तिला द्यावा कीं स्वतःला?

त्या दिवशीं आम्हीं छत्री घेतली व तिच्याबरोबर दुकानांत गेलों. आम्हींच गोळी मागितली; दुकानदारानें कांहींएक न बोलतां दिली. ४८ तास उलटण्यापूर्वीं तिनें ती घेतली. पाळी चार दिवस उशिरां आली. ते चार दिवस तिनें कसे काढले, हें तिलाच ठाऊक. पुढें दोघांनीं विचार करून तांबी बसवून घेतली.

आमची वडीलधाऱ्या भगिनींना एवढीच विनंति आहे. मुलीचें लग्न ठरलें म्हणजे आपण तिला साड्या, भांडीं, दागिने देतों. त्याच वेळीं एका दुपारीं तिला जवळ बसवून हें सारें सांगावें. सुनेलाहि सांगावें, आणि मुलाला तर अवश्य सांगावें. कारण रात्रीं दुकान गांठण्याचें काम त्याचेंहि आहे.