अक्षरें जागच्या जागीं



गेल्या वर्षीं उमरखेडच्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें वारसाहक्काचा अर्ज संगणकावर लिहून परगांवच्या एका कचेरीस पाठविला. तेथें तो उघडला, तेव्हां मराठी मजकुराच्या जागीं रोमन अक्षरांच्या निरर्थक ओळी दिसल्या व अर्ज परत आला. मुदत तर आठवड्यावर येऊन ठेपलेली! असें कां झालें, व त्यास उपाय काय, तें आज पाहूं.

वर्डसारख्या साधनांत लिहिलेली फाईल ही शिजलेलें अन्न नसून पाककृति असते. तींत मजकूर व मांडणीच्या सूचना असतात. अक्षरांचे आकार, म्हणजे फॉन्ट, बहुधा नसतात. ते वाचणाऱ्याच्या यंत्रांतून घ्यावयाचे असतात. ज्याच्या घरीं जें साहित्य, तसें पान दिसतें.

मराठीची अडचण याहून खोल आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसविलेले असतात. फॉन्ट नसला कीं तो मुखवटा गळून पडतो. उलट, १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या युनिकोड पद्धतींत देवनागरी वर्णांस स्वतःचे क्रमांक आहेत. 'क' चा क्रमांक २३२५.

आतां उपाय. अडोबी कंपनीनें १९९३ सालीं पीडीएफ ही पद्धति काढली. २००८ सालीं ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. तींत प्रत्येक अक्षराची पानावरील जागा ठरलेली असते आणि अक्षरांचे आकारहि फाइलींतच सांठवितां येतात. म्हणून उमरखेडास दिसणारें पान नांदेडास वा मुंबईस तसेंच दिसतें. वर्डमध्यें 'सेव्ह ॲज' या आज्ञेंत पीडीएफ हा प्रकार निवडावा. लिब्रेऑफिसांत 'एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ' अशी आज्ञा आहे. मग ॲक्रोबॅट रीडरमध्यें ती फाईल उघडून 'प्रॉपर्टीज'मधील फॉन्टांची यादी पाहावी. नांवापुढें 'एम्बेडेड' असें असल्यास आकार आंत आले असें समजावें. दीर्घकाल जपावयाच्या कागदांसाठीं २००५ पासून पीडीएफ-ए हा निराळा प्रकार आहे. त्यांत फॉन्ट आंत असणें सक्तीचें आहे.

परंतु एक भ्रम नसावा. पीडीएफ रूप राखते, अर्थ नव्हे. जुन्या फॉन्टांतील पान तींत सुरेख दिसेल. पण त्यांतील नांव शोधूं गेल्यास सांपडणार नाहीं, आणि ओळ उचलून दुसरीकडे ठेवल्यास पुन्हा तींच रोमन अक्षरें! युनिकोडांत लिहिलेल्या मजकुराचीहि ऱ्हस्व वेलांटी व जोडाक्षरें अशा उचलाउचलींत कधीं विस्कटतात. यास्तव लेखन युनिकोडांत करावें, पाठविण्यास पीडीएफ करावी, आणि मूळ फाईल जपून ठेवावी. दुरुस्ती तींतच सोपी असते.

त्या विद्यार्थ्यानें तोच अर्ज युनिकोडांत पुन्हा लिहिला, पीडीएफ करून आधीं शेजाऱ्याच्या यंत्रावर उघडून पाहिला, व मगच धाडला. मुदतीस दोन दिवस असतां तो दाखल झाला. पाठविण्यापूर्वीं आपला कागद दुसऱ्याच्या यंत्रावर एकदां वाचून पाहावा, एवढेंच सांगून मी आपली रजा घेतों.