बाबांची एट हंड्रेड, तीन प्लग आणि मी

जुनी गाडी पावसात धक्के खायला लागली की सगळ्यांचा एकच सल्ला असतो, ‘विकून टाक!’ जरा थांबा. आधी बॉनेट तर उघडा!

शनिवारची सकाळ. बाहेर झकास पाऊस आणि मी डोक्यावरून पांघरूण घेऊन मस्त झोपलेली. तेवढ्यात आईचा फोन. ‘अगं, गाडी वडगाव पुलाजवळ धक्के खातेय. मागून ट्रकवाले हॉर्न मारतायत. बाबा म्हणतायत, कडेला घे.’

झोप खाडकन उडाली.

आमची गाडी म्हणजे १९९८ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. दोन वर्षांपूर्वी बाबांना पॅरालिसिसचा झटका आला आणि स्टिअरिंग आईकडे आलं. दर शनिवारी ती बाबांना धायरीहून कोथरूडला फिजिओथेरपीला नेते. मी हिंजवडीला कंपनीच्या बसने जाते, त्यामुळे गाडीशी माझा संबंध रविवारी खडकवासल्याला कणीस खायला जाण्यापुरता! हायवेच्या चढावर आई-बाबा अडकले, तेव्हा कुठे मला कळलं की या गाडीवर आमच्या घराचं किती अडलंय.

पाऊस थांबल्यावर गाडी गपगुमान घरी आली. एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून दोन मिनिटं ऐकलं आणि निकाल दिला, ‘कार्ब्युरेटर गेलाय. इंजिनपण काढावं लागेल. कशाला खर्च करताय ताई, विका!’ ताईचंही (म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचं) तेच म्हणणं. बाबा गॅलरीत बसून सगळं ऐकत होते. गॅरेजवाला गेल्यावर हळूच म्हणाले, ‘इंजिन ठीक आहे गं. एक सिलिंडर मधेच मारत नाहीये. करंट बघ.’

करंट? मी सॉफ्टवेअर टेस्टर. बग शोधण्याचा पगार घेते. म्हटलं, बघूया तर खरं!

ठिणगी जाते कुठे?

एट हंड्रेडचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. प्रत्येक सिलिंडरला एक स्पार्क प्लग. कॉइलमधून हजारो व्होल्टचा करंट एका जाड वायरने डिस्ट्रिब्युटरला जातो आणि तिथून तीन वायरींनी तीन प्लगना. म्हणजे एकूण चार वायरी. यांनाच मेकॅनिक एचटी लीड किंवा प्लग वायर म्हणतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे मारत असेल, तर प्रत्येक प्लग सेकंदाला २५ वेळा ठिणगी टाकतो. चार सिलिंडरच्या गाडीत एक चुकली तर गाडी कुरकुरते. तीनमध्ये एक चुकली तर थेट लंगडते. यालाच म्हणतात ‘गाडी मिसिंग मारतेय’.

पण मग पावसातच का? आणि चढावरच का? मला हा भाग जाम आवडला. वीज नेहमी सोपी वाट शोधते. वायरीचं रबर वर्षानुवर्षं इंजिनच्या उष्णतेने कडक होतं, त्याला बारीक भेगा पडतात. कोरड्या हवेत काम भागतं. पावसात भेगांवर ओल बसली की करंटला इंजिनच्या लोखंडाकडे जायची पळवाट मिळते. आणि चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो. तेव्हा प्लगच्या फटीतून ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. मग करंट म्हणतो, तिकडे एवढी मेहनत कोण करणार? आणि भेगेतून निसटतो. म्हणून गॅरेजसमोर गाडी गुणी बाळ आणि हायवेच्या चढावर तमाशा!

अंधारातला प्रयोग

बाबांनी सांगितलेली टेस्ट एकदम फिल्मी आहे. रात्री साडेदहाला मी सोसायटीच्या पार्किंगमधला दिवा बंद केला, बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि लांबून लीडवर पाण्याचा हलकासा फवारा मारला. (इस्त्री करताना वापरते ना आई, तीच बाटली!) मधल्या वायरीवरून निळी ठिणगी टक्‌टक्‌ इंजिनवर उडायला लागली आणि गाडी तश्शीच लंगडायला लागली. बग सापडला!

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. चालू इंजिनच्या लीडला हात लावायचा नाही. झटका जबरदस्त बसतो. कुणाला पेसमेकर असेल, तर त्याने या प्रयोगाच्या आसपासही थांबू नये.

दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर प्लग पाना लावून तिन्ही प्लग काढले. दोन एका नंबरचे, तिसरा भलत्याच! कधीतरी कुणीतरी ‘बसतोय ना, मग चालतंय’ म्हणून लावलेला. दोन प्लगची टोकं भुरकट तपकिरी होती. तो रंग तब्येत चांगली असल्याचा. तिसऱ्यावर सुकी काळी काजळी. ही काजळी पेट्रोल नीट जळत नसल्याची खूण. (तेलकट ओला प्लग दिसला तर मात्र इंजिनमध्ये ऑइल वर चढतंय. पांढराफटक, फोड आलेला असेल, तर सिलिंडर फार तापतोय. अशा वेळी नुसते प्लग बदलून भागणार नाही.)

नाना पेठेत शॉपिंग

पुण्यात स्पेअर पार्ट म्हणजे नाना पेठ. मी नेटवर वाचून एकदम तयारीत गेले होते. ‘काका, इरिडियम प्लग द्या. बेस्टवाले.’

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘गाडी कुठली? मॅन्युअल आणलंय?’

मॅन्युअल डिकीत होतं. बाबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. काकांनी त्यातला नंबर बघून तीन साधे प्लग काउंटरवर ठेवले आणि चक्क क्लास घेतला.

प्लगवरचा नंबर म्हणजे त्याची कुंडली. उदाहरणार्थ, एनजीकेचा बीपीआर६ईएस. बी म्हणजे १४ मिलिमीटरचा आटा, पी म्हणजे पुढे आलेलं टोक, आर म्हणजे आतला रेझिस्टर (रेडिओत खरखर येऊ नये म्हणून), ६ म्हणजे हीट रेंज आणि ई म्हणजे आट्याची लांबी १९ मिलिमीटर. लांबी चुकली तर टोक पिस्टनला धडकू शकतं.

हीट रेंज म्हणजे प्लग स्वतःची उष्णता किती पटकन बाहेर टाकतो. टोकाचं तापमान साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं. त्याखाली काजळी जळून जात नाही. फार वर गेलं, तर पेट्रोल ठिणगीआधीच पेटतं. गंमत म्हणजे एनजीकेमध्ये आकडा मोठा तर प्लग ‘थंड’, आणि बॉशमध्ये आकडा मोठा तर प्लग ‘गरम’! म्हणजे ब्रँड बदलून आकडा तोच घेतला की झाला घोटाळा. माझा तिसरा प्लग बहुतेक असाच आला असणार. (अजूनही कित्येक मेकॅनिक ‘मायको प्लग’ म्हणतात ना, ती मायको म्हणजेच आताची बॉश. २००८ मध्ये नाव बदललं.)

आणि इरिडियम? तो वाईट नाही. धातू कडक, टोक बारीक, झिजतं कमी, टिकतो कितीतरी जास्त. पण आमची गाडी आठवड्याला वीस-पंचवीस किलोमीटर चालते. ते जादा आयुष्य वापरणार कोण? आणि लीडच फाटकी असेल, तर इरिडियम काय, सोन्याचा प्लग लावला तरी ठिणगी भेगेतूनच जाणार. काकांचं म्हणणं, ‘पैसे वाचवा आणि चारही लीडचा चांगला सेट घ्या. एकच बदलू नका. बाकीच्या तिचीच भावंडं आहेत.’

तीन प्लग आणि लीडचा सेट मिळून खर्च किती? मल्टिप्लेक्स आणि वर पिझ्झा, एवढ्यात झालं!

लावताना हे सांभाळा

• एका वेळी एकच लीड काढा आणि लगेच नवी लावा. क्रम चुकला तर गाडी सुरूच होणार नाही.
• लीड वायरीला धरून ओढू नका, टोकाच्या रबरी टोपीला धरा.
• लांबीला लांबी जुळवा आणि लीड गरम सायलेन्सरच्या पाइपला टेकू देऊ नका.
• प्लगची फट फिलर गेजने तपासा. माझ्या मॅन्युअलमध्ये ०.७ ते ०.८ मिलिमीटर आहे. तुमचं तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा, विशेषतः एमपीएफआय गाडी असेल तर.
• प्लग आधी हाताने फिरवून बसवा, मग पान्याने साधारण अर्धा फेरा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. जोर केला की आटे गेले.
• डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडून आत चीर किंवा ओल आहे का बघा.
• बिल घ्या. डुप्लिकेट प्लग बाजारात असतात. पुसट छपाई, ओबडधोबड आटे दिसले तर परत द्या.

आणि शनिवार...

सगळं लावून झालं. आईने चावी फिरवली. बाबा गॅलरीतून ऐकत होते. मी वर बघितलं. त्यांनी डावा हात, तोच जो अजून नीट उचलत नाही, थोडासा वर केला. अंगठा जमला नाही. पण कळलं.

गाडी कायम ठेवायची का, हे आम्ही २०२८ मध्ये ठरवू. तेव्हा आरटीओकडून परत पाच वर्षांचं रजिस्ट्रेशन घ्यावं लागेल. तोपर्यंत ती खरंच थकली, तर विकूसुद्धा. पण एका फाटक्या वायरीसाठी नाही.

परवाच्या शनिवारीही धो-धो पाऊस होता. साडेनऊला आईचा फोन वाजला आणि माझ्या पोटात गोळाच आला.

‘अगं, पोचलो आम्ही. येताना इडलीचं पीठ आणू का?’