मोठ्या बॅटरीतून छोटा दिवा

डायनामोच्या काळात सायकलचा दिवा चाकावर जगायचा. 6 व्होल्ट, 3 वॅट, आणि सिग्नलला थांबलं की अंधार. आज ई-सायकलच्या दांडीवर 36 किंवा 48 व्होल्टचा लिथियम-आयन पॅक असतो, तरीही वेगळा चार्ज करायचा दिवा, वेगळ्या सेलवरचा हॉर्न आणि खिशात पॉवर बँक असा संसार पुष्कळ जण वागवतात. कारण उघड आहे. दिव्याला 6 किंवा 12 व्होल्ट लागतात, मोबाइलला 5, आणि पॅकची थेट वायर यांतल्या कशालाच सोसत नाही. हे अंतर मिटवते डीसी-डीसी कन्व्हर्टर नावाची काडेपेटीएवढी डबी. माझ्या मते सायकलवरची सगळी उपकरणं मुख्य पॅकवरच चालायला हवीत. मात्र त्यासाठी या डबीची निवड आणि जोडणी ब्रेकइतक्याच काळजीने व्हायला हवी.

पहिली हरकत रेंजची असते. पुढचा दिवा 3 वॅट, मागचा 1, मोबाइलचं चार्जिंग 5. कन्व्हर्टरमधली घट धरून हिशेब 10 वॅटचा. दोन तासांत 20 वॅट-तास. पॅडल मारत चालवलेली ई-सायकल किलोमीटरमागे साधारण 10 वॅट-तास घेते, म्हणजे दोन तासांचा उजेड आणि चार्जिंग मिळून दोनेक किलोमीटर जातात. 36 व्होल्ट, 10 अँपिअर-तासांच्या पॅकमध्ये 360 वॅट-तास असतात, तेव्हा ही हरकत टिकत नाही. एवढ्या स्वस्तात हे जमतं ते कन्व्हर्टरच्या रचनेमुळे. जादा व्होल्टेज नुसतं उष्णतेत घालवायचं ठरवलं, तर 54 व्होल्टवरून 12 व्होल्टला अर्धा अँपिअर देताना दिव्याला 6 वॅट मिळतात आणि 21 वॅट वाया जातात. कन्व्हर्टरमधला ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, कॉइल आणि कपॅसिटर ते तुकडे सलग करतात, आणि चांगल्या बनावटीत 90 टक्क्यांच्या आसपास ऊर्जा पलीकडे पोचते.

खरा घोळ होतो तो आकड्यांत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात एलएम2596 या चिपवरचं मॉड्यूल अगदी स्वस्तात मिळतं. त्याच्या साध्या आवृत्तीची इनपुट मर्यादा 40 व्होल्ट. पॅकवर 36 लिहिलेलं, म्हणजे चालेल, असं कुणालाही वाटेल. पण 36 हा सरासरी आकडा आहे. आत दहा सेल ओळीने जोडलेले असतात, पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येकाचं व्होल्टेज 4.2 होतं, आणि बेरीज 42 वर जाते. तेरा सेलांच्या 48 व्होल्टच्या पॅकमध्ये ती 54.6 होते. त्यातच कनेक्टर जोडण्याच्या क्षणी व्होल्टेज आणखी उसळतं. आतला ट्रान्झिस्टर जळून शॉर्ट झाला, तर पॅकचं सगळं व्होल्टेज थेट मोबाइलवर येऊ शकतं. म्हणून 36 च्या पॅकला किमान 60 व्होल्ट सोसणारा कन्व्हर्टर घ्यावा, 48 च्या पॅकला 72 सोसणारा, आणि फ्यूज पॅकच्या अगदी जवळ बसवावा. ‘चारच सेलांवरून 12 व्होल्ट काढू, कन्व्हर्टर हवाच कशाला’ ही युक्ती तर याहून वाईट, कारण तेवढेच सेल जास्त रिकामे होत जातात आणि अख्ख्या पॅकचा समतोल बिघडतो.

बंद सायकलचाही विचार हवा. काहीही जोडलेलं नसताना कन्व्हर्टर अर्धा वॅट जरी पीत राहिला, तरी महिन्याला 360 वॅट-तास होतात, म्हणजे वर सांगितलेला सबंध पॅक. तेव्हा स्विच कन्व्हर्टरच्या आधी हवा, आणि तो त्या डीसी व्होल्टेजला चालणारा हवा. कारसाठीचा 12 व्होल्टचा स्विच इथे ठिणगी धरतो. जोडणी बीएमएसच्या, म्हणजे पॅकमधल्या संरक्षक सर्किटच्या, बाहेरच्या बाजूला केली की सेल मर्यादेपलीकडे रिकामे होत नाहीत.

सगळ्यात वजनदार हरकत ही, की पॅक संपला तर दिवाही जाणार. तिचं उत्तर जर्मनीच्या रस्ता-वाहतूक नियमांत सापडतं. पॅडलला साथ देणाऱ्या ई-सायकलचा दिवा मुख्य बॅटरीवर चालवायला तिथे परवानगी आहे. अट अशी, की बॅटरी उतरून मोटर बंद पडल्यावरही दिवा किमान दोन तास अखंड चालला पाहिजे, किंवा मोटरचाच जनरेटर म्हणून उपयोग करता आला पाहिजे. हे अवघड नाही. मोटरचा कंट्रोलर बीएमएसच्या आधी, थोड्या वरच्या व्होल्टेजला थांबवायचा. मधे उरलेला साठा दिव्याचा. पॅक काढून वरच्या मजल्यावर चार्जिंगला नेला की खाली सायकल अंधारात राहते, हे मात्र खरं, आणि तेवढ्यासाठी सेलवरचा छोटा लाल दिवा मागे असू द्यावा. वॉरंटीतला पॅक उघडून जोडणी करण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. बॉशच्या ई-सायकल प्रणालीत दिव्यासाठी वेगळी जोडणी मुळातच ठेवलेली असते, आणि ही जबाबदारी उत्पादकाचीच आहे. आपल्याकडे 250 वॅटपेक्षा कमी शक्तीच्या, ताशी 25 किलोमीटरच्या आतल्या गाड्यांना नोंदणीतून सूट देणाऱ्या व्याख्येत ब्रेक आणि पुढे पांढरा, मागे लाल परावर्तक एवढीच साधनं मागितली आहेत. त्यात पॅकवर चालणारा दिवा आणि मोटर थांबल्यावर त्याच्यासाठी राखलेला साठा, या दोन अटींची भर पडायला हवी.