परदेशात आपला पाठीराखा

मुलांनो, नाशिकरोडच्या सरकारी मुद्रणालयात पोस्टाची तिकिटे छापतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. भारताच्या पासपोर्टच्या पुस्तिकाही तेथेच छापल्या जातात. म्हणजे कोणी हजला जावो की नोकरीसाठी दुबईला, त्याच्या खिशात नाशिकची एक वस्तू असतेच.

या पुस्तिकेत राष्ट्रपतींच्या नावाने एक विनंती असते. या प्रवाशाला विनाअडथळा जाऊ द्यावे, गरज पडल्यास मदत व संरक्षण द्यावे, असा तिचा अर्थ आहे. पण ही विनंती आहे, हुकूम नव्हे. ज्या देशात आपण पाऊल ठेवतो, त्या देशाचा कायदा आपल्याला लागू होतो. 'मला माहीत नव्हते' ही सबब तेथे चालत नाही. आपल्या घरी मसाल्यात खसखस घालतात. संयुक्त अरब अमिरातीत मात्र खसखस नेण्यास बंदी आहे. म्हणून कोणी दिलेले पुडके आत काय आहे हे पाहिल्याशिवाय सामानात ठेवू नये.

संकट आले तर काय करावे? परदेशात भारताची वकिलात असते. सौदी अरेबियात ती रियाधला आहे. शिवाय जिद्दा येथे वाणिज्य वकिलात आहे. अटक झालेल्या परदेशी माणसाला आपल्या वकिलातीला कळवण्याची मागणी करता येते. हा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना कराराने दिला आहे. वकिलातीचे अधिकारी त्याला तुरुंगात भेटतात, वकील मिळवण्यास मदत करतात. पासपोर्ट हरवल्यास मायदेशी परतण्यापुरता दाखला देतात. परंतु न्यायालयाचा निकाल त्यांना बदलता येत नाही.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत ताब्यात घेतला. तेथे दीड लाखाहून अधिक भारतीय अडकले. त्यांना जॉर्डनमधील अम्मान शहरातून विमानांनी मायदेशी आणले गेले. अशा वेळी कोण कोठे आहे, हे वकिलातीला ठाऊक असावे लागते. म्हणून परदेशी पोहोचताच तेथे नाव नोंदवावे.

आणखी एक गोष्ट. दहावी उत्तीर्ण नसलेल्या माणसाला आखाती देशांत कामासाठी जाण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी लागते. दलालाने कामगाराला फसवू नये, म्हणून १९८३ च्या कायद्याने हा नियम केला. 'परवानगी कशाला? फिरायच्या व्हिसावर जा, काम मिळेल,' असे कोणी सांगितले, तर सावध व्हावे. अशा माणसाला परदेशात पगारही मागता येत नाही. उलट तोच गुन्हेगार ठरू शकतो.

तुमच्या घरातून कोणी परदेशी निघाले, तर नोकरीचा करार त्यांना वाचून दाखवा. कराराची व पासपोर्टची एक एक प्रत घरी ठेवा. तुमचे शिक्षण त्या दिवशी घराच्या कामी येईल.

शब्दार्थ : सबब – बहाणा. वकिलात – परदेशातील आपल्या सरकारचे कार्यालय. मायदेश – स्वतःचा देश.

स्वाध्याय
१. वकिलात कोणती मदत करते? काय करू शकत नाही?
२. पासपोर्टची प्रत घरी का ठेवावी?