पडद्याआडची माया

प्रेमाला रोग म्हणण्याची चाल आपल्याकडे नवी नाही. संस्कृत साहित्यशास्त्रकारांनी ज्या दहा कामदशा वर्णिल्या, त्या अभिलाषापासून निघून उद्वेग, प्रलाप, उन्माद, व्याधी अशा पायऱ्या उतरत अखेर मरणापर्यंत पोचतात. परंतु ही मंडळी रसिक होती, कारभारी नव्हती. इतके सूक्ष्म निदान करूनही या व्याधीवर प्रजेने सक्तीने इलाज करून घ्यावा, असे फर्मान निघावे ही कल्पना त्यांना शिवली नाही. ती लॉरेन ऑलिव्हर या अमेरिकन लेखिकेला सुचली आणि तिने २०११ साली ‘डिलिरियम’, म्हणजे उन्माद, याच नावाची कादंबरी कुमारवयीन वाचकांच्या हाती ठेवली. पुढील दोन वर्षांत ‘पँडेमोनियम’ आणि ‘रेक्विएम’ हे भाग येऊन तिची कथात्रयी पुरी झाली.

कथा घडते मेन राज्यातील पोर्टलंड या समुद्रकाठच्या शहरी. प्रेम हा रोग आहे असे सरकारने ठरविल्याला ६४ वर्षे आणि त्यावरील शस्त्रक्रिया सिद्ध झाल्याला ४३ वर्षे लोटली आहेत. वयाची १८ वर्षे पुरी होताच प्रत्येकाने ती करून घ्यावयाची, कानामागे तीन टोकांचा व्रण मिरवावयाचा आणि दफ्तराने मंजूर केलेल्या जोडीदाराशी शांत, निस्तरंग संसार थाटावयाचा, असा तेथील शिरस्ता. सुरक्षितता, आरोग्य आणि सुख या तीन शब्दांवरून नाव घेतलेली एक सरकारी संहिता घरोघर असते. पण तिच्या आद्याक्षरांचा लोकांनी केलेला उच्चार ‘श्श्’ असा, ओठांवर बोट ठेवल्यासारखा होतो. नायिका लीना हिच्या शस्त्रक्रियेला ९५ दिवस उरले आहेत, आणि ती ते मोजते आहे भीतीने नव्हे, तर उत्कंठेने. या कादंबरीचे मर्म येथेच आहे : जुलूम येथे शिपायाच्या वेषात येत नाही, वैद्याच्या वेषात येतो, आणि वैद्याशी भांडावयाचे कसे, हे सतरा वर्षांच्या मुलीला कोणी शिकविलेले नसते.

जोडीदार नेमण्यापूर्वी मुलीची जी तपासणी होते, तिचे चित्र आपल्याकडील मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमांत उत्तरे पाठ करून बसलेल्या कोणाही स्त्रीला ओळखीचे वाटावे. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ तेथे शिकवतात ते प्रेमाच्या दुष्परिणामांचा धडा म्हणून. तेव्हा ते नाटक भयंकर आहे, एवढेच म्हणावयाचे. लीना म्हणून जाते की, ते सुंदर आहे. आवडता रंग निळा सांगावयाचा असतो. तिच्या तोंडून निघते राखाडी, कारण पहाटेपूर्वीचे आकाश त्या रंगाचे असते. बंडाची पहिली ठिणगी पडते ती अशी, जिभेच्या एका चुकीतून. ॲलेक्स हा तरुण तिच्या आयुष्यात येतो तो यानंतर. त्याच्या कानामागचा व्रण खोटा असतो, आणि तो वाढलेला असतो सरहद्दीपलीकडच्या रानात, जेथे सरकारचा अंमल चालत नाही.

प्रेमावर पहारा बसविणाऱ्या सत्तेच्या अशा कथांच्या कुळाचे मूळ शोधू गेल्यास आपण येवगेनी झाम्यातिन या रशियन लेखकाच्या ‘आम्ही’ या कादंबरीपाशी पोचतो. १९२० च्या सुमारास लिहिलेली आणि सोव्हिएत भूमीत १९८८ पर्यंत छापली न गेलेली ही कृती. तिच्यातील माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. घरे काचेची आहेत. आणि गुलाबी चिठ्ठी दाखवून स्त्री-पुरुषांनी एकत्र यावयाचे, तेव्हा नेमल्या मुदतीपुरता खिडकीचा पडदा ओढण्याची परवानगी मिळते. देहाला मुभा आणि प्रीतीला बंदी, हा तेथील हिशेब. ऑर्वेलच्या १९४९ च्या ‘१९८४’ मध्ये तर सत्तेला प्रेमिकांच्या मीलनाहून त्यांची परस्परनिष्ठा अधिक खुपते, आणि म्हणूनच त्यांचा जीव घेण्याऐवजी त्यांच्याकडून एकमेकांचा विश्वासघात करविला जातो.

पडदा ऑलिव्हरच्या कादंबरीतही आहे. मात्र त्याच्याआड प्रेमिक नाहीत, आई आणि मुली आहेत. लीना लहान असताना तिची आई खिडक्या झाकून, नुसत्या पायमोज्यांनी लाकडी जमिनीवर घसरत लेकींबरोबर नाचे, आणि पडल्या-लागल्या लेकराला कुशीत घेई. शेजाऱ्यांनी पाहिले असते तर एवढ्यानेही संशय आला असता. कादंबरीतील तरुण प्रीतीचे वर्णन कोठे कोठे अलंकारांनी जड झाले आहे; परंतु लेखिकेचा खरा शोध आहे तो हा. निषिद्ध प्रेमाच्या बहुतेक कथा प्रियकर-प्रेयसीपाशी थांबतात. येथे मात्र आपल्या ध्यानी येते की, प्रेमाचे उच्चाटन करू निघालेल्या सत्तेला प्रेमिकांच्या भेटीवर पहारा बसवून भागत नाही, तिला आईच्या मांडीपर्यंत यावेच लागते. कारण माया आणि प्रीती यांची मुळे एकाच मातीत असतात, आणि एक उपटावयाची तर दुसरीलाही हात घालावाच लागतो.

त्या आईवर तीनदा शस्त्रक्रिया होऊनही गुण आला नव्हता. तिने समुद्रात उडी घेतली, असे लीनाला सांगण्यात आलेले असते. वास्तविक ती वर्षानुवर्षे तुरुंगात होती. लीना तेथे पोचते तेव्हा कोठडी रिकामी असते. भिंतींवर प्रेम या अर्थाचा चार अक्षरी इंग्रजी शब्द पुनःपुन्हा कोरलेला दिसतो, आणि त्यातील एका ठिकाणचे वाटोळे अक्षर इतके खोल खणलेले असते की, त्यातून माणूस आरपार निघून जावा. लेकींसाठी ज्या बाईला खिडकीचा पडदा ओढावा लागला होता, ती बाहेर पडली ती या अक्षरातून.